पार्सलला विष कोण घालतंय?

१

“विष घातलंय, डॉक्टर. आणि कोणी घातलंय तेही सांगतो. माझ्या सुनेनं!”

पोस्टमन आजोबांनी हे दवाखान्याच्या दारातूनच जाहीर केलं, बाकावर मांजरं आणि पिंजरे घेऊन बसलेल्या सगळ्या लोकांसमोर. त्यांच्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली पार्सल होती. पार्सल म्हणजे त्यांची मातकट रंगाची कुत्री. नोकरीत असताना शहरातल्या झाडून सगळ्या कुत्र्यांनी आजोबांच्या पोटऱ्यांचा समाचार घेतला होता, आणि निवृत्त झाल्यावर एका सकाळी हे पिल्लू त्यांच्या दाराशी येऊन बसलं. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, म्हणून नाव पार्सल. परत करायची सोय नव्हती म्हणून ठेवून घेतली, असं ते सांगत. खरं तर बायको गेल्यापासून ते दिवसभरात जे काही बोलत ते तिच्याशीच बोलत.

डॉक्टरीणबाईंनी पार्सलला टेबलावर घेतलं आणि तिचे ओठ वर करून पाहिले. हिरड्या पांढऱ्याफटक. शी डांबरासारखी काळी, म्हणजे पोटात कुठेतरी रक्त वाहत होतं. थंडी सुरू झाल्यापासूनची ही तिसरी खेप होती. दवाखान्यात ठेवली की पोरगी सुधारायची, आपल्या पायांनी घरी जायची आणि काही दिवसांनी पुन्हा अशी चादरीतून यायची.

एरवी या कुत्रीकडे बघून डॉक्टरीणबाईंना बरं वाटायचं. कान साफ, दात साफ, अंगावर एक गोचीड नाही, नखं कशी बेताची कापलेली. इतकी निगा राखलेली जनावरं दवाखान्यात कमीच येतात. आणि अशा कुत्रीच्या जिवावर कोणीतरी उठलं होतं! बाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं. आंबूस दुर्गंधीत एक थंडगार, पेपरमिंटसारखा वास मिसळलेला होता. तो कुठेतरी ओळखीचा वाटला, पण सलाइनच्या धांदलीत तिथेच राहून गेला.

“वाचेल ना?” आजोबांनी विचारलं. त्यांचे हात नेहमीसारखे थरथरत होते. “या घरात माझ्या गुडघ्याची विचारपूस करणारी ही एकटीच आहे हो. बाकी कोणाला पडलीय?”

“या वेळी वाचवू,” बाई म्हणाल्या. “पण आजोबा, खोटं नाही सांगत. अजून एकदा असं झालं तर माझ्याही हातात काही राहणार नाही.”

आजोबा गेले. बाईंना एका जागी बसायची सवय नव्हतीच, त्यात आज तर त्या टेबल ते खिडकी आणि खिडकी ते टेबल अशा फेऱ्या मारत रक्ताच्या तपासणीची वाट बघत राहिल्या. त्यांची पैज होती उंदराच्या औषधावर. रिपोर्ट आला आणि पैज हरल्या. रक्त नीट गोठत होतं, म्हणजे उंदराचं औषध नाही. पोटात व्रण आणि मूत्रपिंडावर ताण, असं जोडीनं करणारी एक गोष्ट मात्र त्यांना चांगली ठाऊक होती.

वेदनाशामक. माणसांचं, रोजच्या वापरातलं. माणसाचं दुखणं थांबवतं आणि कुत्र्याच्या पोटाची चाळण करतं. कोणीतरी पार्सलला हे पुन्हा पुन्हा देत होतं.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आजोबांच्या घरी गेल्या. आजोबांची दुपारची झोप लागली होती, आणि सून स्वयंपाकघरात पार्सलचं पातेलं घासत होती. कुत्री दवाखान्यात असताना तिचं पातेलं कशाला घासायचं, हा प्रश्न बाईंच्या मनात येऊन गेला.

“या, बसा,” सून म्हणाली.

“नको, उभीच बरी,” असं म्हणून बाई ओट्यापासून दारापर्यंत चालू लागल्या. “कुत्रीचं खाणं कोण करतं?”

“मीच. भात, उकडलेली कोंबडी, गाजर. मीठ नाही, कांदा नाही. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“आणि ती घरात नको, असं तुम्हीच म्हणाला होतात?”

“म्हणाले होते,” सुनेनं नळ बंद केला. “सगळीकडे केस होतात म्हणून म्हणाले होते. एकदाच. पण बाबांनी ते मनात धरून ठेवलंय. आता ते मला पाण्यात पाहतात. मी वाढलेल्या ताटाचा आधी वास घेतात, मग जेवतात. कुत्रीला घातलं तसं मलाही घालेल, असं वाटतं त्यांना.”

हे सांगताना तिचा आवाज सरळ होता, पण हातातलं पातेलं ती पुन्हा धुवायला लागली.

“घरात दुखण्याच्या गोळ्या कोण घेतं?”

“कोणी नाही. बाबांना गुडघ्यासाठी होत्या, पण त्यांच्या पोटाला सोसेनात म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी बंद केल्या. उरलेल्या मी टाकून दिल्या. आत्ता घरात एकही गोळी नाही, हवं तर कपाट बघा.”

बाईंनी लाजलज्जा गुंडाळून ठेवली आणि कपाट पाहिलं. खोकल्याचं औषध, चिकटपट्टी, थर्मामीटर. गोळी खरंच नव्हती.

“तुमचे मिस्टर?”

“जहाजावर. थंडीच्या आधीच गेले, उन्हाळ्यात येतील.”

म्हणजे घरात माणसं दोन. एकाचा जीव कुत्रीत अडकलेला आणि दुसरीवर संशय. बाई निघाल्या, तशी सून दारापर्यंत आली.

“एक सांगू? गोळ्या रोज घेणारा माणूस या घरात नाही, पण भिंतीपलीकडे आहे. आणि पार्सलचं तोंड कायमचं बंद करीन, असं तो मागच्याच महिन्यात ओरडला होता.”

३

भिंतीपलीकडे व्हायोलिन मास्तर राहत. त्यांचा विद्यार्थी तार छेडायला लागला की पार्सल अंगणातून साथ द्यायची. जाणकारांच्या मते पार्सल सुरात असायची, आणि मास्तरांच्या रागाचं खरं कारण तेच होतं.

“हो, ओरडलो होतो,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी खिशातली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. त्या वासानं डॉक्टरीणबाईंचे पाय जागीच थांबले. “खांदा दुखतो म्हणून औषधाच्या गोळ्याही घेतो. म्हणून काय मी कुत्री मारतो?”

“तिच्या अंगणात काही टाकता का?”

मास्तरांचे कान लाल झाले. “टोस्ट,” ते हळूच म्हणाले. “खात असते तोवर गात नाही. तेवढाच माझ्या शिष्याचा एक आलाप पुरा होतो. कोणाला सांगू नका.”

“पेपरमिंटही टाकता?”

“अहो, ते माझ्या घशाला पुरत नाहीत, तिला कुठून टाकू? आणि डॉक्टर, ती दुसऱ्यांदा आजारी पडली तेव्हा मी पोरांना घेऊन स्पर्धेला गेलो होतो. त्याआधीपासून घराला कुलूप होतं. सगळी गल्ली सांगेल.” मग इकडेतिकडे बघून त्यांनी मान पुढे काढली. “चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. कुत्र्यांना केळ्यात गोळी घालून चारणारी बाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. ती बघा, बागेत!”

बागेत पट्टेवाली मावशी होती. गल्लीतली कुत्री फिरवणं हा तिचा धंदा, आणि कमरेला कायम पट्टे लटकत असल्यामुळे तिला हे नाव पडलेलं. आज एका हातात काठी होती आणि चालणं लंगडं होतं.

“केळ्यात गोळी? घालते की!” ती ठसक्यात म्हणाली. “तो म्हातारा काळा कुत्रा आहे ना, त्याचे सांधे धरलेत. तुम्हीच लिहून दिलीय की त्याला गोळी.”

“ती चुकून पार्सलच्या तोंडात गेली असेल तर?”

“बाई, माझ्या हातची गोळी भलत्याच्या तोंडात गेली तर मी हे पट्टे तुमच्या टेबलावर आणून ठेवीन. आणि जाईल कशी? पार्सल या खेपेला आजारी पडायच्या आधीच माझा पाय मुरगळला, तेव्हापासून मी आजच बाहेर पडतेय. या कडाक्याच्या थंडीत पार्सल घराबाहेर पडलेलीच नाही. अंगणातसुद्धा आजोबा तिला चार पावलं नेऊन लगेच आत घेत होते, माझ्या खिडकीतून दिसायचं.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या वेळी मास्तर नव्हते, तिसऱ्या वेळी मावशी नव्हती. तिन्ही वेळा एकच जागा होती, ते घर.

“एक विचारते,” बाई म्हणाल्या. “तिची नखं तुम्हीच कापता ना?”

“मी? छे! मला वाटलं तुम्ही कापता.”

बाई कापत नव्हत्या. आजोबांच्या थरथरत्या हातात तर कात्री ठरणं शक्य नव्हतं. कुत्रीच्या नखात रक्ताची शीर असते. ती चुकवून कापायला स्थिर हात लागतो, आणि कुत्रीचा त्या हातावर विश्वास लागतो. मग उरलं कोण?

जिच्यावर विषाचा आरोप होता, तिच्याच मांडीवर पंजा ठेवून पार्सल निवांत बसत होती. बाई घाईघाईनं दवाखान्याकडे निघाल्या. मन थाऱ्यावर नव्हतं. विष घरातलंच होतं, घरात माणसं दोनच होती आणि त्या दोघांपैकी विष घालणारं कोणीच नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी आजोबा हातात पिशवी घेऊन आले.

“तिला न्यायला आलोय. आम्ही दोघं माझ्या बहिणीकडे राहायला जातोय, लांब. तिथे माझ्या सुनेचा हात पोचणार नाही. सगळं सामान घेतलंय. तिची वाटी, तिचं पांघरूण, माझं काय ते थोडंसं.”

“अजून ती पुरती बरी नाही, आजोबा.”

“इथे ठेवली तर पुन्हा त्याच घरात जाईल. मी काय डोळ्यांत तेल घालून सारखा पहारा करू?”

तेवढ्यात आतल्या खोलीतून नखांचा टकटक आवाज आला. आजोबांचा आवाज ऐकून पार्सल उठली होती. पायात त्राण नव्हतं, तरी भिंतीला अंग घासत ती आली, खुर्चीत बसलेल्या आजोबांपाशी पोचली, आणि तोंड वर न करता, हात न हुंगता सरळ त्यांच्या डाव्या गुडघ्याला भिडली. पँटच्या कापडावरूनच चाटू लागली.

“बघा,” आजोबा म्हणाले. “स्वतः मरणाच्या दारातून आलीय आणि आधी माझ्या गुडघ्याची चौकशी.”

डॉक्टरीणबाई चालता चालता थांबल्या. मग जमिनीवर बसल्या आणि आजोबांच्या गुडघ्याजवळ नाक नेलं. आजोबा दचकून मागे सरले. थंडगार, पेपरमिंटसारखा वास. काल मास्तरांच्या तोंडाला येत होता तो नव्हे, परवा पार्सलच्या तोंडाला आलेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरोघरी जाऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: गोळ्या कोण घेतं? आणि घरोघरी लोकांनी त्याचं खरं उत्तर दिलं होतं.

“आजोबा,” त्या उभ्या राहत म्हणाल्या, “आज दुपारी मास्तरांना आणि मावशींना घेऊन इथे या. सुनेलाही आणा. तोवर पार्सल इथून हलणार नाही, आणि तुम्ही तिच्याजवळ बसायचं नाही.”

“मी नाही बसायचं?” आजोबांचा चेहरा उतरला. “का?”

“दुपारी सांगते,” म्हणत बाईंनी पार्सलला आत नेलं.

५

दुपारी दवाखान्याच्या बाकावर एका टोकाला आजोबा, दुसऱ्या टोकाला सून, आणि मधल्या जागेत मास्तर आणि मावशी अंग चोरून बसले. बाई अर्थातच येरझारा घालत होत्या.

“पार्सलच्या पोटात दुखण्याचं औषध जात होतं,” त्यांनी सुरुवात केली. “मास्तरांकडे ते आहे, पण दुसऱ्या वेळी मास्तर गावात नव्हते. मावशींकडे आहे, पण या वेळी मावशी घरात पडून होत्या. म्हणून सगळ्यांची बोटं एका बाईकडे वळली.”

“वळणारच!” आजोबा म्हणाले.

“जी बाई मीठ-कांदा टाळून तिचं जेवण शिजवते, आणि तुमची दुपारची झोप लागली की तिचे कान पुसते, दात घासते, नखं कापते. आजोबा, ही निगा आपोआप राहते असं वाटत होतं का तुम्हाला?”

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. सून चपलेकडे बघत होती.

“आता एक विचारते. ती तिन्ही वेळा आजारी पडली ती थंडीचा कडाका वाढल्यावर. मधे ऊन पडलं तेव्हा ठणठणीत. थंडीत घरात काय वाढतं?”

“खोकला,” मास्तर म्हणाले.

“गुडघे,” मावशी म्हणाली आणि तिनं स्वतःचा घोटा चोळला.

सुनेनं झटकन मान वर केली. तिनं आजोबांच्या पायाकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि ती ताडकन उठली.

“मी दिली!” ती म्हणाली. “गोळी मीच दिली. बाबांची एक पट्टी शिल्लक होती. पार्सल लंगडत होती, वाटलं बरं वाटेल तिला. चूक झाली माझी. आता संपवा हे.”

“बघा!” आजोबा ओरडले. “मी म्हणत नव्हतो?”

डॉक्टरीणबाईंना क्षणभर वाटलं, राहू द्यावं असंच. या बाईला आळ पत्करायचाच आहे, म्हाताऱ्याचं काळीज शाबूत राहील. पण मग पार्सल त्यांच्याबरोबर बहिणीकडे जाईल, पिशवीतलं ‘माझं काय ते थोडंसं’ही जाईल, आणि पुढच्या थंडीत ती कुत्री उरणार नाही.

“खोटं बोलताय,” त्या सुनेला म्हणाल्या. “पार्सल कधीच लंगडत नव्हती. आणि का बोलताय तेही मला समजलंय. पण याची किंमत पार्सलला जिवानं मोजावी लागेल. बसा.” मग त्या वळल्या. “आजोबा, तुमच्या पिशवीत मलमाची ट्यूब आहे ना?”

“आहे. गुडघ्याची. तिचं काय?”

“लावल्यावर काय करता?”

“काय करणार? पँटला डाग पडतात म्हणून ती वर दुमडून बसतो, सुकेपर्यंत. मग पार्सल येते आणि...”

त्यांची नजर स्वतःच्या गुडघ्याकडे गेली.

“पोटात गेलं म्हणजे ताटातूनच गेलं असलं पाहिजे, असं मी धरून चालले,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. “गोळीत असतं तेच औषध त्या मलमात आहे. आपल्या कातडीत त्यातलं थोडंच मुरतं. उरलेलं वर राहतं, आणि जीभ ते सगळं उचलते. एकदा नाही, रोज. थंडी वाढली की तुम्ही दिवसातून जास्त वेळा लावायचात.”

आजोबांचे हात थरथरायचे थांबले, आणि ते बघणं थरथरण्याहून वाईट होतं.

“ती चाटायची आणि मला आराम पडायचा,” ते म्हणाले. “मला वाटायचं तिच्या जिभेलाच गुण आहे. दुखणं फार झालं की मी... मीच पाय पुढे करायचो. ‘ये बाई, बघ जरा,’ म्हणायचो.” त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. “सगळी उमर ज्याचं त्याच्याच हातात दिलं मी. कधी चुकलो नाही. आणि हिला...”

म्हाताऱ्या माणसाला लोकांसमोर रडताना बघणं मास्तरांना झेपलं नाही. ते खिडकीबाहेर बघू लागले.

“बाबा, दुकानात विचारून ही ट्यूब मीच आणत होते, तुमच्या उशाशी ठेवत होते,” सून म्हणाली. “दोष माझाही आहे.”

आजोबांनी डोळे पुसले. “तू? ट्यूब तर पोरगा आणायचा ना...”

“पोरगा जहाजावर आहे, आजोबा,” बाई म्हणाल्या. “थंडीच्या आधीपासून. ट्यूब संपत आली की उशाशी नवी कोण ठेवत होतं, याचा विचार नाही केलात? गोळ्या तुम्हाला सोसत नाहीत म्हणून ही दुकानात जाऊन मलम विचारून आली. तुमच्या गुडघ्याची विचारपूस करणारं आणखी एक माणूस त्या घरात होतं.”

आजोबांनी पिशवीतून ट्यूब काढली आणि उठून, लंगडत जाऊन, दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

६

पार्सल घरी गेली त्याला काही दिवस झाले, तेव्हा डॉक्टरीणबाई रक्त तपासायला तिच्याकडे गेल्या. हिरड्यांवर गुलाबी रंग चढला होता. मूत्रपिंडं जपावी लागणार होती. थोडं थोडं मऊ जेवण, पाणी भरपूर आणि माणसांच्या औषधाचा वाससुद्धा नको. हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं, तर सुनेनं तेच सगळं त्यांना म्हणून दाखवलं.

आजोबा खुर्चीत बसले होते. पँट दुमडलेली, गुडघा उघडा, त्यावर गरम पाण्याची पिशवी. मलम सुटल्यापासून दुखणं वाढलं होतं, हे बसल्या जागी दिसत होतं. पार्सल उठून त्यांच्याकडे निघाली, तसा त्यांनी पाय झटकन मागे घेतला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकूनच पितो.

“चाटू द्या, बाबा,” सून ताट घेऊन येत म्हणाली. “काही लावलेलं नाही. गुडघा कसाय आज?”

आजोबांनी पाय हळूहळू पुढे केला. पार्सलनं गुडघा हुंगला, दोनदा चाटला आणि पावलांवर हनुवटी टेकून पडून राहिली.

“दुखतोय,” ते म्हणाले. “दुखू दे.”

सुनेनं ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. डॉक्टरीणबाईंचं लक्ष नकळत त्यांच्या नाकाकडे गेलं. आजोबांनी ताटाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ घास तोंडात घातला. बाई इतका वेळ उभ्याच होत्या; त्या आता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

घास गिळून झाल्यावर आजोबा सुनेला म्हणाले, “दुपारी तिची नखं कापशील ना, तेव्हा मला उठव. एकटीनं कशाला? मी धरतो तिला.”